चौदावी दुरुस्ती आपलीही आहे

२० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जन्मसिद्ध नागरिकत्वाबद्दलच्या आदेशावर सही केली. तेव्हापासून मध्य न्यू जर्सीतल्या मराठी घरांत एक वाक्य सारखे कानावर येते: "आपण रांगेत उभं राहून, सगळे कागद पुरे करून आलो. हा आपला प्रश्न नाही." असे म्हणणारी माणसे सज्जन आहेत. कष्टाने शिकलेली, वेळेवर कर भरणारी, मुलांना रविवारी मराठी शाळेत सोडणारी आहेत. तरीही त्यांच्या या म्हणण्यात दोन चुका आहेत. पहिली आदेशाचा मजकूर वाचला की लगेच कळते. दुसरी कळायला या देशाच्या घटनादुरुस्त्यांचा आणि निकालांचा इतिहास पाहावा लागतो. अमेरिकेत आज आपण जे हक्क वापरतो, त्यांपैकी फारच थोडे आपण मिळवलेले आहेत. ते दुसऱ्यांनी, बहुतेक वेळा इथल्या काळ्या माणसांनी, झगडून मिळवले आणि आपण मागाहून येऊन ते वापरू लागलो. तेव्हा ते दुसऱ्या कोणाकडून काढून घेतले जात असतील, तर आपण गप्प राहू नये. त्यासाठी हे मुद्दे.

१. आदेश आपल्यालाही लागू होतो. आदेशात दोन प्रकारची मुले आहेत. आई बेकायदा राहत असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, ती पहिली. आई कायदेशीरपणे पण तात्पुरती राहत असेल, म्हणजे विद्यार्थी, नोकरी किंवा पर्यटनाच्या व्हिसावर असेल, आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, ती दुसरी. दोघेही एच-वन-बीवर असलेले मराठी जोडपे या दुसऱ्या प्रकारात नेमके बसते. भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग इतकी लांबली आहे, की नोकरी, घर, दोन मुले, सगळे होऊनही दहा-दहा वर्षे व्हिसावरच असलेली कुटुंबे आपल्या प्रत्येक मंडळात आहेत. ज्या रांगेचा आपण अभिमान सांगतो, त्या रांगेतच आदेशाने आपल्याला गाठले.

तीनच दिवसांत सिएटलच्या केंद्रीय न्यायालयात न्यायाधीश जॉन कफनौर यांनी आदेशाला स्थगिती दिली. रोनाल्ड रेगन यांनी नेमलेले हे न्यायाधीश आहेत, हे ज्यांना सगळ्यात पक्षीय राजकारण दिसते त्यांनी लक्षात घ्यावे. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, एका जिल्हा न्यायाधीशाची स्थगिती देशभर लागू होऊ शकते का, एवढ्याच प्रश्नावर निकाल दिला आणि अशा स्थगितीला मर्यादा घातली. मग जुलैमध्ये न्यू हॅम्पशायरच्या न्यायालयाने देशभरातल्या अशा सगळ्या बाळांना एक गट मानून त्यांच्यापुरता आदेश रोखला. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्न सुनावणीला घेतला.

२. मूळ घटनेत सामान्य माणसाच्या हाती फारसे काही नव्हते. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात तयार झालेल्या घटनेत हक्कांची यादीच नव्हती. ती पहिल्या दहा दुरुस्त्यांच्या रूपाने १७९१ मध्ये आली आणि तीही केंद्र सरकारपुरती. जॉन बॅरन यांचा बाल्टिमोर बंदरात मालकीचा धक्का होता. शहराने रस्ते करताना ओढे वळवले, गाळ नेमका त्यांच्या धक्क्यापाशी येऊन साचला आणि जहाजे लागेनाशी झाली. सरकारने खाजगी मालमत्ता घेतली तर मोबदला द्यावा, असे पाचवी दुरुस्ती सांगते म्हणून त्यांनी भरपाई मागितली. १८३३ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला: ही दुरुस्ती केंद्राला बांधते, राज्याला आणि शहराला नाही. बॅरन यांना दमडीही मिळाली नाही.

न्यू जर्सीची गोष्ट याहून बोलकी आहे. १७७६ च्या इथल्या राज्यघटनेने पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या सर्व रहिवाशांना मत दिले होते. त्यामुळे अविवाहित स्त्रिया, विधवा आणि गुलाम नसलेले काळे पुरुष इथे मतदान करत. १८०७ मध्ये विधिमंडळाने कायदा करून मत फक्त गोऱ्या पुरुषांपुरते ठेवले. या राज्यातल्या स्त्रियांना ते परत मिळायला ११३ वर्षे लागली. हक्क पुढेच जातात, मागे येत नाहीत, असे मानणाऱ्यांनी आपल्याच राज्याचा हा इतिहास वाचावा.

१८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. काळा माणूस गुलाम असो वा स्वतंत्र, तो या देशाचा नागरिक होऊच शकत नाही, असा तो निकाल होता.

३. चौदावी दुरुस्ती त्या निकालाला दिलेले उत्तर आहे. मध्ये यादवी युद्ध झाले, सहा लाखांहून अधिक माणसे मेली. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामी संपवली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने ठरवले, की या भूमीवर जन्मलेला आणि इथल्या कायद्याच्या कक्षेत असलेला प्रत्येक जण नागरिक आहे आणि कोणतेही राज्य कोणाही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारू शकत नाही. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंश किंवा वर्ण पाहून मत नाकारण्याला बंदी केली. पुण्यात बसून महात्मा फुले हे सारे पाहत होते. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली तेव्हा त्यांनी ती अर्पण केली गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. आपल्या भाषेतल्या माणसाने या लढ्याशी नाते जोडले, तेव्हा इथे मराठी मंडळ काढण्याची कल्पनाही कोणाला सुचली नसेल.

न्यू जर्सी मात्र मागे ओढत होती. तेरावी दुरुस्ती आधी फेटाळली, चौदावी मंजूर करून मग मंजुरी मागे घेतली, पंधरावीला नकार दिला. चौदावीची मागे घेतलेली मंजुरी राज्याने पूर्ववत केली ती २००३ मध्ये! तरीही पंधराव्या दुरुस्तीखाली मत देणारे पहिले काळे नागरिक याच राज्यातले निघाले. थॉमस मंडी पीटरसन हे पर्थ अंबॉयचे, एडिसनजवळच्याच गावचे. शाळेत साफसफाई आणि देखभालीचे काम करत. दुरुस्ती लागू झाल्याचे जाहीर झाले ३० मार्च १८७० रोजी, आणि ३१ मार्चला गावच्या सनदेवर मतदान होते. ते गेले आणि मत देऊन आले. पुढे ते ज्युरीतही बसले. १८८४ मध्ये गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना लिंकनची प्रतिमा असलेले सोन्याचे पदक दिले. राष्ट्रीय बदलानंतरचे ते पहिले मत गावच्या कारभारासाठी पडले, हे मला फार मोलाचे वाटते.

४. दुरुस्ती झाली आणि न्यायालयाने ती जवळजवळ निकामी केली. १८७३ मध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात डझनावारी काळ्या माणसांची कत्तल झाली. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यातल्या शिक्षा रद्द केल्या. चौदावी दुरुस्ती राज्याला लागू होते, जमावाला नाही, हे कारण. १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात रेल्वेचे वेगळे डबे घटनेत बसतात असे ठरले. एकट्या न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी विरोध नोंदवला आणि त्यासाठी त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

पण दोनच वर्षांनी वोंग किम आर्क यांचा खटला आला. हे सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेले स्वयंपाकी. त्यांच्या आईवडिलांना चिनी म्हणून इथले नागरिक होण्याची कायद्यानेच बंदी होती. १८९५ मध्ये चीनहून परत येताना त्यांना बंदरात उतरू दिले नाही. महिनोन्‌महिने ते किनाऱ्याजवळच्या जहाजांवर अडकून राहिले. चिनी समाजाच्या संस्थांनी त्यांच्यासाठी वकील उभे केले. २८ मार्च १८९८ रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने त्यांना नागरिक ठरवले. आईवडील नागरिक होऊ शकत नसले तरी इथे जन्मलेले मूल नागरिक आहे, हा नियम तेव्हापासून चालत आला. विरोधातल्या दोघांत एक हार्लन होते. काळ्या माणसासाठी एकटा उभा राहिलेला हा न्यायाधीश चिनी माणसाच्या बाजूने उभा राहिला नाही. म्हणून थोर न्यायाधीशांच्या भरवशावर हक्क सोडून निर्धास्त होता येत नाही.

५. आता सखाराम गणेश पंडित यांची हकीकत, जी आपल्या एकाही मंडळाच्या स्मरणिकेत मी वाचलेली नाही. पंडित १९०६ मध्ये अमेरिकेत आले. १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्यांना नागरिकत्व दिले. तीन वर्षांनी ते कॅलिफोर्नियात वकिली करू लागले. १९२० मध्ये त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन स्त्रीशी लग्न केले.

१७९० च्या कायद्यानुसार बाहेरून आलेल्यांत फक्त गोऱ्या माणसाला नागरिकत्व घेता येत असे. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियाई माणूस यात कुठे बसतो, हे प्रत्येक न्यायालय आपल्या मताने ठरवी. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा यांना गोरे ठरवून त्यांचे नागरिकत्व कायम केले. काही हिंदूंनाही ते मिळाले. नोव्हेंबर १९२२ मध्ये जपानी वंशाचे ताकाओ ओझावा सर्वोच्च न्यायालयात हरले. त्वचेच्या रंगाने कोणी गोरा ठरत नाही, तो कॉकेशियन वंशाचा असला पाहिजे, असे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिले. मग भगतसिंग थिंद यांनी तोच निकाल हाती घेतला. थिंद पंजाबातून १९१३ मध्ये आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले. त्या काळच्या मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत उत्तर भारतीयांना कॉकेशियन म्हटले होते. त्यांची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडली पंडितांनी. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, ओझावा निकालानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, त्याच सदरलँड यांनी सर्वांच्या एकमताने लिहिले, की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. जपान्याला शास्त्र दाखवून परत पाठवले आणि भारतीयाला लोकांची समजूत दाखवून. सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मून लहानपणी इथे आलेले होते.

यात पंडितांची आणखी एक गोष्ट आहे आणि ती मी लपवणार नाही. 'आम्हीही गोरेच' असे म्हणून त्यांनी दाद मागितली. गोरेपणाची अटच अन्यायाची आहे, असे त्या खटल्यात कोणी म्हणाले नाही. कायद्याची चौकट तीच होती आणि वकिलाला अशिलासाठी जिंकायचे होते, हे खरे. पण ज्या भिंतीने दुसऱ्यांना बाहेर ठेवले होते, तिच्या आत आपल्यापुरती जागा मागण्याची ती खटपट होती आणि ती फसली. 'आपण रांगेत उभं राहून आलो' या आजच्या वाक्यातही तीच खटपट मला ऐकू येते.

थिंद निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वे काढून घेण्याचे दावे लावले. पेशावरहून पत्नी कला आणि तीन मुलांसह आलेले वैष्णोदास बगाई सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवत. १९२१ मध्ये मिळालेले त्यांचे नागरिकत्व गेले. ते आता कोणत्याच देशाचे राहिले नव्हते. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली आणि वृत्तपत्रासाठी पत्र लिहून ठेवले.

पंडितांवरही दावा लागला. या वेळी अशील ते स्वतःच होते आणि त्यांनी वंशाचा वाद घातलाच नाही. त्यांचे म्हणणे सरळ होते. १९१४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला तेव्हा सरकारला अपिलाची संधी होती, ते गेले नाही, आता इतक्या वर्षांनी तोच निकाल उकरता येणार नाही. त्या निकालावर भरवसा ठेवून मी वकिलीची सनद घेतली, घर घेतले, लग्न केले. १९२२ च्या कायद्यानुसार, नागरिक होण्यास अपात्र परदेशी माणसाशी लग्न केलेल्या अमेरिकन स्त्रीचेही नागरिकत्व जाई, म्हणजे लिलियनच्याही पायाखालची जमीन सरकणार होती. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकायला नकार दिला. त्यानंतर उरलेले असे दावे सरकारने सोडून दिले. थिंद निकाल मात्र तसाच राहिला. भारतीयांना नागरिक होण्याची मुभा १९४६ च्या कायद्याने मिळाली, तीही वर्षाला शंभर भारतीयांना प्रवेश या बोलीवर. नागरिकत्वातली वंशाची अट पूर्णपणे गेली १९५२ मध्ये.

६. लिलियन पंडित यांच्यावरची टांगती तलवार ही काही एकट्या भारतीयांच्या बायकांची गोष्ट नव्हती. १८७५ मध्ये मिसूरीच्या व्हर्जिनिया मायनर यांना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की स्त्री नागरिक आहे, पण नागरिक असणे म्हणजे मत असणे नव्हे. १९१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एथेल मॅकेन्झी यांना सांगितले, की स्कॉटलंडच्या माणसाशी लग्न केल्यामुळे तुमचे नागरिकत्वच उरलेले नाही. या दोन दारांवर न्यायालयाने कुलूप लावल्यावर घटनादुरुस्तीवाचून मार्ग नव्हता. १९२० च्या ऑगस्टमध्ये टेनेसीच्या विधानसभेत एका मताची गरज उरली, तेव्हा चोवीस वर्षांच्या हॅरी बर्न यांच्या खिशात आईचे पत्र होते, बायकांना मत मिळू दे असे सांगणारे. त्यांनी बाजू बदलली आणि एकोणिसावी दुरुस्ती पार पडली. दक्षिणेतल्या काळ्या स्त्रियांना मात्र तिचा उपयोग व्हायला आणखी पंचेचाळीस वर्षे गेली.

७. नागरिक नसलेल्यांनाही हीच दुरुस्ती सांभाळते. १८८० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीतल्या धोबीखान्याला नगरपालिकेचा परवाना लागे. सुमारे दोनशे चिनी धोब्यांनी अर्ज केले, सगळे नामंजूर. इतरांचे ऐंशीच्या आसपास अर्ज, एक सोडून सगळे मंजूर. १८८६ मध्ये यिक वो खटल्यात न्यायालयाने एकमताने म्हटले, की नियम कागदावर सरळ असला तरी तो वाकड्या हाताने राबवला तर समान संरक्षणाचा भंग होतो, आणि हे संरक्षण परदेशी माणसालाही आहे. एच-वन-बीवरच्या कोणालाही आपले हक्क कशावर उभे आहेत हे पाहायचे असेल, तर ते त्या धोब्यांच्या खटल्यावर उभे आहेत.

८. राज्यांना हक्कांच्या यादीत बांधायला शंभर वर्षे गेली. बॅरन यांना जो मोबदला मिळाला नव्हता, तो राज्यांनाही द्यावा लागेल असे न्यायालयाने चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे १८९७ मध्ये ठरवले. बाकीचे हक्क त्याच वाटेने, एकेक करून आले. त्यातला एक जवळून पाहू. १९६१ मध्ये फ्लोरिडातल्या पनामा सिटीत एका बिलियर्ड्सच्या अड्ड्यावर चोरी झाली. क्लॅरन्स गिडियन या फिरस्त्या, फारसे न शिकलेल्या माणसाला पकडले. वकिलाला पैसे नाहीत, मला वकील द्या, असे त्यांनी न्यायाधीशांना सांगितले. आमच्या राज्यात फाशीच्या गुन्ह्यातच सरकारी खर्चाने वकील मिळतो, असे उत्तर आले. स्वतःच साक्षीदार तपासून ते हरले, पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातल्या रेघी कागदावर पेन्सिलीने त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. १८ मार्च १९६३ रोजी न्यायालयाने एकमताने म्हटले, की ज्याच्यावर गंभीर गुन्ह्याचा आरोप आहे आणि ज्याला ऐपत नाही, त्याला राज्याने वकील दिलाच पाहिजे. खटला पुन्हा चालला. या वेळी गावचे वकील फ्रेड टर्नर यांनी मुख्य साक्षीदाराची साक्ष उसवून दाखवली आणि ज्युरीने गिडियन यांना सोडले. तोच आरोपी, तोच आरोप, फरक एवढाच की शेजारी वकील बसला होता.

९. आपल्या व्हिसाचा रस्ता सेल्मावरून येतो. पण सुरुवात शाळांपासून करावी लागते. व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल गावी काळ्या मुलांच्या शाळेत जागा पुरेना म्हणून डांबरी कागद ठोकलेल्या शेड उभ्या केल्या होत्या. २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने मुलांचा संप घडवला. त्यातून निघालेला खटला ब्राऊन निकालातल्या पाच खटल्यांपैकी एक झाला. १७ मे १९५४ रोजी वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. मग त्या काउंटीने काय केले? १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली आणि काळी मुले पाच वर्षे शाळेविना राहिली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा हुकूम काढावा लागला. निकाल लागला म्हणजे हक्क मिळाला, असे म्हणताना त्या मुलांची वाया गेलेली वर्षे आठवावीत.

७ मार्च १९६५ रोजी अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मताचा हक्क मागणाऱ्यांना पोलिसांनी लाठ्यांनी झोडपले. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही झाली. ३ ऑक्टोबरला, त्याच काँग्रेसने केलेल्या, वंश पाहून ठरवलेले देशवार कोटे मोडणाऱ्या स्थलांतर कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या बेटावर सही केली. वंशावरून माणूस जोखणे चूक आहे हे ज्या चळवळीने देशाच्या गळी उतरवले, तिच्याच जोरावर हा दुसरा कायदा झाला. भारताचा वर्षाचा शंभरचा कोटा गेला आणि आपले डॉक्टर, इंजिनिअर येऊ लागले. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार १९७९ मध्ये इथे शिकायला आले, १९८८ मध्ये नागरिक झाले आणि २०२३ पासून काँग्रेसमध्ये डेट्रॉइटचे प्रतिनिधी आहेत. त्यांचे राजकारण कोणाला पटो न पटो, डेट्रॉइट हे बहुसंख्य काळ्या लोकांचे शहर आहे आणि बेळगावच्या मराठी माणसाला त्या मतदारांनी निवडून दिले.

१०. आता दोन आक्षेप, दोन्ही विचारी माणसांकडून ऐकलेले.

पहिला: जन्माने नागरिकत्व भारतातही नाही, मग इथे का असावे? खरे आहे. भारतात १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एक जण भारतीय असावा लागतो, आणि डिसेंबर २००४ पासून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. पण भारताच्या घटनेने हा विषय अनुच्छेद ११ नुसार संसदेकडे सोपवला आहे आणि बदल संसदेने कायदा करून केले. अमेरिकेत नियम घटनेतच लिहिलेला आहे. तो बदलायचा असेल तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि पन्नासपैकी अडतीस राज्ये पाहिजेत. ज्यांना बदल हवा आहे त्यांनी तो मार्ग धरावा. एका सहीने चौदावी दुरुस्ती वळवता येते असे एकदा मान्य केले, तर उद्याच्या राष्ट्राध्यक्षाला दुसरी कोणतीही दुरुस्ती वळवता येईल.

दुसरा: न निवडलेल्या नऊ न्यायाधीशांनी सगळे ठरवावे का? हा प्रश्न भारताच्या घटनेच्या वेळीही उठला होता. १९४७ मध्ये घटनासमितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत आले, तेव्हा न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना सांगितले, की न्यायाधीशांच्या हाती इतके मोकळे शस्त्र देऊ नका. म्हणून जीवित आणि स्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या आपल्या अनुच्छेद २१ मध्ये कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीची मर्यादित भाषा आली. स्वतः कोलंबियात शिकलेले डॉ. आंबेडकर घटनासमितीत बोलताना म्हणाले, की संसदेवर विश्वास ठेवावा की न्यायालयावर, दोन्हींत धोका आहे. पुढे १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात आपल्या न्यायालयाने तो अनुच्छेद रुंद केलाच. मला फ्रँकफर्टर यांची भीती खरी वाटते. निकालाने दिलेले निकालाने जाऊ शकते. १९७३ मध्ये मान्य झालेला गर्भपाताचा हक्क २०२२ मध्ये गेला. मतदान हक्क कायद्याची सर्वांत धारदार तरतूद २०१३ मध्ये निष्प्रभ झाली. उलट, हक्क देणारी एकही घटनादुरुस्ती आजवर मागे घेतली गेलेली नाही. पण ताजी म्हणावी अशी शेवटची, अठराव्या वर्षी मत देणारी, १९७१ ची आहे. त्यानंतरचे बहुतेक सगळे निकालांवर आणि कायद्यांवर उभे आहे. आपल्या कितीतरी घरांत आलेल्या गोऱ्या, काळ्या, चिनी सुना-जावयांचे लग्न १९६७ च्या लव्हिंग निकालावर उभे आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसने आंतरवंशीय आणि समलिंगी विवाहांना कायद्याचा आधार दिला, तो निकालावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही हे ओळखूनच.

११. मग करायचे काय? नागरिक असाल तर मतदार यादीत नाव घाला. न्यू जर्सीत निवडणुकीच्या एकवीस दिवस आधीपर्यंत मुदत असते. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला जाऊन टाउनशिप आणि स्कूल बोर्डाच्या मतदानाला घरी बसू नका. आपल्या मुलांची पुस्तके कोणती आणि आपल्या मोर्चाला परवानगी मिळते की नाही, हे तिथे ठरते. ज्युरी ड्युटीचे पत्र आले की ते टाळण्याची युक्ती मित्रांना विचारू नका. गिडियन यांना सोडणारी सहा माणसे अशाच पत्रावरून आलेली होती.

व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असाल तर मतदार नोंदणीच्या अर्जाला हातही लावू नका, चुकून केलेली सहीसुद्धा हद्दपारीपर्यंत नेऊ शकते. पण टाउनशिपच्या सभेत बोलणे, प्रतिनिधीला पत्र लिहिणे, वर्तमानपत्रात लिहिणे, खटल्यात वादी होणे यांपैकी कशालाही नागरिकत्व लागत नाही. न्यू हॅम्पशायरचा खटला नागरिक नसलेल्या आईबापांनीच लढवला, टोपणनावे घेऊन.

आणि मंडळांना एक विनंती. करमुक्त संस्थांना कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, पण पक्ष न पाहता मतदार नोंदणी करता येते, हे कार्यकारिणीत बऱ्याच जणांना माहीत नसते आणि 'राजकारण नको' म्हणून विषय संपतो. वोंग किम आर्क यांच्यासाठी चिनी समाजाच्या संस्थांनी वकील उभे केले होते. आपल्याला फक्त एक टेबल मांडायचे आहे. गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेशेजारी ते मांडा, तिथे मंडळातल्या सतरा वर्षांच्या मुलामुलींना बसवा. न्यू जर्सीत सतराव्या वर्षी नाव नोंदवता येते, आणि सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर २०२६ पासून प्राथमिक निवडणुकीत मतही देता येते. अर्ज कसा भरायचा ते आजी-आजोबांना मराठीत समजावून सांगण्याचे काम त्या मुलांकडेच द्या.